कुंपण कोणासाठी?

‘कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची?’ ही म्हण आम्हा वकिलांच्या तोंडी इतक्या वेळा येते की तिच्यातील कुंपण आता कोणाच्या डोळ्यांपुढे उभेच राहत नाही. विश्वस्ताने देवस्थानचा पैसा खाल्ला, पालकाने पोरक्या मुलाची जमीन विकली, की आम्ही ती म्हण उच्चारतो आणि पुढील मुद्द्याकडे वळतो. वस्तुतः कुंपण ही एके काळी पानाफुलांची, जिवंत अशी वस्तू होती. मराठीत तिला वई म्हणतात, कोकणीत वंय म्हणतात. तिला स्वतःचे जीवन असते आणि तिच्या आश्रयाने आणखी कित्येक जीवने चाललेली असतात. ही गोष्ट मला लहानपणी ठाऊक होती; कायदा शिकल्यावर मी ती विसरलो, आणि एका दाव्याने तिची आठवण मला पुन्हा करून दिली.

पक्षकार दोघे चुलत भाऊ होते. वडिलोपार्जित भाटाची वाटणी आजोबांच्या हयातीतच झालेली होती आणि दोन हिश्शांच्या मध्ये करवंद, निरगुडी आणि अडुळसा यांची एक जुनी, दाट वई होती. वईचा स्वभाव असा की ती एका बाजूने छाटली तर दुसऱ्या बाजूने फुटते, आणि माणसाच्या दोन पिढ्यांत नकळत जागचीही हलते. ती मूळ रेषेवरून कोणाच्या बाजूला किती सरकली, एवढाच वादाचा मुद्दा होता. प्रश्न दीड हात जमिनीचा. दावा नऊ वर्षे चालला. शेवटी तडजोड झाली आणि तडजोडनामा मी लिहिला. वई मुळासकट काढावी, मोजणीच्या दगडांना धरून चिऱ्यांची भिंत बांधावी, खर्च उभयतांनी निम्मा निम्मा सोसावा. त्या कागदाचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता, हे कबूल केले पाहिजे.

वई निघाली त्या दिवशी मी तेथे हजर होतो. मार्च महिना होता. यंत्राने अर्ध्या दिवसात काम संपवले. तोडलेल्या करवंदीच्या ढिगाऱ्यात वाटीएवढे एक घरटे आडवे झालेले दिसले. त्यात गुलाबी छटेची, तांबूस ठिपक्यांची दोन अंडी होती, त्यांपैकी एक फुटलेले. शिपाई बुलबुलांची जोडी मोजणीच्या दगडावर येऊन बसे, उडे, पुन्हा येऊन बसे. ज्या दगडाने नऊ वर्षांचा वाद मिटवला होता त्याचा त्यांना बसण्यापलीकडे काही उपयोग नव्हता. दाव्यात आवश्यक पक्षकार सामील न केल्याचा आक्षेप आम्ही वकील विरुद्ध बाजूवर मोठ्या हौसेने घेतो. त्या दिवशी तोच आक्षेप मला माझ्या तडजोडनाम्यावर घेता आला असता. ज्यांचे घर त्या रेषेवर होते त्यांना कोणी नोटीस दिली नव्हती.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. जमीन माझी आहे, हे विधान कायद्याने सिद्ध करता येते. परंतु माझ्या जमिनीच्या कडेवर जो जगतो त्याच्याविषयी माझे काही कर्तव्य आहे काय? असल्यास ते दयेपोटी आहे, की त्याहून काही अधिक आहे?

आपल्या जुन्या धर्मशास्त्राने सीमेचा विचार फार बारकाईने केलेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात जी अठरा व्यवहारपदे सांगितली आहेत त्यांत सीमाविवाद हे एक आहे, आणि सीमा नाहीशी होऊ नये म्हणून तीवर काय लावावे हेही तेथे सांगितले आहे: वड, पिंपळ, पळस, सावर यांसारखे वृक्ष, तसेच झुडपे, बांबू, शमी आणि वेली. म्हणजे त्या शास्त्रकाराच्या दृष्टीने झाडझुडूप हे सीमेचे साक्षीदार आहे. हा साक्षीदार फितूर होत नाही, तो उन्हात सावली देतो, आणि साक्ष देण्याचा प्रसंग न आल्यास शंभर वर्षे पाखरांना पोसतो. आम्ही त्याच्या जागी चिरा आणला. चिरा साक्ष अचूक देतो. त्याखेरीज तो काहीच देत नाही.

दोन वर्षांपूर्वी आषाढाच्या पावसात माझ्याच घराची मागील भिंत कोसळली आणि हा विचार घरात येऊन बसला. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी सल्ला दिला, ‘वकीलसाहेब, काँक्रीटची घाला, पुन्हा पाहावे लागणार नाही.’ रोपवाटिकेच्या माणसाने सोनेरी पानांचा ड्युरांटा सुचवला. तो लवकर वाढतो, कात्रीने हवा तसा आकार घेतो आणि वर्षभर एकसारखा पिवळा दिसतो. आई म्हणाली, ‘देवाला फूल मिळाले पाहिजे, एवढे बघ.’ पत्नीने एकच शब्द उच्चारला: ‘साप.’ या चार मतांपैकी एकही टाकाऊ नव्हते, आणि म्हणूनच निवड सोपी नव्हती.

प्रथम शोभेचा विचार करू. शोभेचे झुडूप आपण निवडतो तेव्हा ते कोणाच्या डोळ्यांनी पाहून निवडतो? रस्त्याने जाणाऱ्याच्या आणि स्वतःच्या. ड्युरांटा मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला. तो मोकळा वाढू दिला तर त्याला निळी फुले येतात आणि फुलपाखरे त्यांवर जमतात. परंतु पंधरा दिवसांनी एकदा कात्री फिरवून ज्याचा चौकोनी ठोकळा केला आहे, त्याला फूल येण्यास अवसर कोठला? आणि फूल येऊन फळ धरलेच, तर ती पिवळी फळे मुलांना विषारी. बोगनवेलीचेही काहीसे असेच आहे. ती दक्षिण अमेरिकेतून आली. तिच्या काटेरी जाळीत एखादे पाखरू घरटे करील, पण आपण जिला तिची फुले म्हणतो ती रंगीत पाने असतात आणि खाण्यासारखे फळ तिला येत नाही. ही झाडे दुष्ट नाहीत. मात्र ती आपल्या डोळ्यांखेरीज दुसऱ्या कोणाचे पोट भरत नाहीत, किंवा फार थोडे भरतात.

याउलट आपली जुनी वई पाहा. अडुळसा थंडीत पांढरा फुलतो आणि भुंग्यांना त्या दिवसांत मध देतो. गुरे-शेळ्या त्याच्या कडू पानाला सहसा तोंड लावत नाहीत, आणि घरात कोणाला खोकला झाला की पान हाताशी असते. करवंदी फाल्गुनाच्या सुमारास सुवासिक पांढऱ्या फुलांनी भरते, वैशाखात काळी होते. तिचा काटा मांजराला अडवतो आणि घरट्याला राखतो. निरगुडीच्या निळसर तुऱ्यांवर मधमाश्या घोंगावतात. पिटकुळीचे तांबडे झुपके जवळजवळ बारा महिने असतात. तिची पिकलेली फळे लहानपणी आम्हीही खाल्ली आहेत. एकेरी जास्वंदीवर शिंजीर येतो. कढीलिंब तर स्वयंपाकघराचाच. पण त्याची काळी फळे कोकिळा आणि बुलबुल खातात, आणि त्याच्या पानावर काळ्या फुलपाखराची अळी वाढते, जी लहानपणी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसून आपला जीव वाचवते.

अळी हा शब्द वाचून काही वाचकांनी नाक मुरडले असेल. मीही मुरडत असे. शोभेची बाग राखणारा मनुष्य पानाला भोक पडले की फवारणीचे औषध शोधतो. परंतु बुलबुलासारखे फळे खाणारे पाखरू देखील आपली पिले मुख्यतः किड्या-अळ्यांवर वाढवते. फुलपाखरू हवे पण अळी नको, पाखराचे गाणे हवे पण पानाला भोक नको, ही मागणी म्हणजे कूळ हवे पण त्याची चूल नको असे म्हणण्यासारखे आहे. कण्हेर आणि तगर ही दोन्ही देवपूजेची झाडे. कण्हेरीवर, तगरीवर एका मोठ्या हिरव्या पतंगाची अळी पोसली जाते; आईने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा झाडून टाकण्यासाठी केरसुणी उचलली होती. मग थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘खाऊ दे. तीही देवाच्याच दारची.’ यानंतर तिने सगळी फुले खुडण्याचेही सोडले. पहाटे परडी अर्धी भरली की परत येते. देवाला अर्पण करायचे ते दुसऱ्याच्या तोंडचे काढून नव्हे, हा विचार तिने कोणत्या पोथीत वाचला नव्हता.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख निव्वळ भूतदयेचा झाला असता. परंतु भूतदयाही आंधळी असू शकते आणि तिचा एक धडा कुंपणाच्याच इतिहासात आहे. घाणेरी हे झुडूप आपणा सर्वांच्या ओळखीचे. लाल-पिवळ्या फुलांचे, फुलपाखरांचे लाडके, काळ्या फळांनी बुलबुलांना तृप्त करणारे. वरवर पाहता वन्यजीवांना याहून अधिक उदार झाड सापडणार नाही. हे झाड मूळचे अमेरिकेचे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेसाठी आणि कुंपणासाठी ते हिंदुस्थानात आणले गेले. बुलबुलाने फळ खाल्ले, बी कुंपणापलीकडे नेले, आणि त्या बियांनी जंगले व्यापली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, देशातील वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात घाणेरी पसरल्याचे दाखवले. तिच्या दाटीखाली गवत उगवत नाही. गवत नाही तेथे हरिण नाही. ज्याने पहिली घाणेरी लावली त्याचा हेतू निर्मळ असेल. त्याने आपल्या बागेपुरता विचार केला, एवढीच त्याची चूक. कायद्यात हेतूला महत्त्व आहे, पण परिणामाची जबाबदारी केवळ हेतूच्या निर्मळपणाने सुटत नाही. पाखरू आपला सातबारा वाचत नाही. म्हणून ज्याने आपल्या वईत पाखराला जेवू घालायचे ठरवले, त्याने ते पाखरू पलीकडे काय नेईल याचाही विचार करणे प्राप्त आहे.

दुसरा धडा याहून कठोर आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने मिठावरील जकात चुकवली जाऊ नये म्हणून सिंधू नदीपासून मध्यप्रांत ओलांडून ओरिसापर्यंत एक जकातरेषा आखली होती. तिच्या शेकडो मैलांवर बाभूळ, बोर, करवंद, थोर आणि नागफणी यांचे जिवंत, अभेद्य कुंपण वाढवलेले होते. ते कुंपण वाढवण्यावर ज्यांनी विशेष मेहनत घेतली त्या जकात आयुक्तांपैकी एक अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हेच गृहस्थ आपल्या काळचे मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते, आणि १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेतही त्यांचाच पुढाकार होता. १८७९ साली ती रेषा रद्द झाली. त्या कुंपणात पाखरे नक्कीच राहिली असतील, करवंदे पिकली असतील. परंतु त्याच्या पलीकडे गरिबाचे मीठ अडले होते. माझ्या वईत जी करवंद आहे तीच तेथेही होती. झाड तेच, फरक कुंपण कोणाला अडवण्यासाठी उभे केले होते यात आहे. तेव्हा हिरवे कुंपण म्हणजे आपोआप पुण्यकारक कुंपण, असे समजण्याचे कारण नाही. गावकऱ्याची पाणवठ्याची वाट बंद करून तीवर फुलपाखरांची बाग फुलवणारा मनुष्य धर्म करीत नाही.

आता पत्नीच्या आक्षेपाकडे वळले पाहिजे, कारण तो सर्वांत बळकट आहे. दाट वईत साप राहू शकतो, हे खोटे नाही. घरात लहान मुले आहेत. ज्याच्यावर लेकरांचे रक्षण सोपवलेले आहे त्याने मुंगसाच्या प्रेमापोटी ते ओझे हलके समजावे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे: समजू नये. कर्तव्यांतही क्रम असतो, आणि आपल्या आश्रितांचे कर्तव्य पहिले. परंतु पहिले कर्तव्य आहे म्हणून दुसरे उरतच नाही, हा युक्तिवाद मला मान्य नाही. आम्ही वई घराच्या भिंतीपासून दूर, भाटाच्या टोकाशी ठेवली. जाण्यायेण्याच्या वाटेजवळ तिचा तळ हातभर उंचीपर्यंत मोकळा केला. लाकडांचा ढीग आणि खरकट्याची जागा तेथून हलवली, कारण साप येतो तो बहुधा उंदरामागे, आणि उंदीर येतो तो आपल्या गैरशिस्तीमागे. पोरांना रात्री विजेरीशिवाय तिकडे जायचे नाही हा नियम घातला. कण्हेर विषारी, म्हणून ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावली. भय पूर्णपणे गेले असे मी म्हणत नाही. काँक्रीटच्या भिंतीनेही ते पूर्णपणे जात नाही. तिच्या भेगांत मण्यार राहिलेली मी पाहिली आहे.

अखेरचा प्रश्न हक्काचा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखाद्याने दुसऱ्याच्या जमिनीवरून वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, हक्काने आणि अखंड वहिवाट केली, तर ती वाट पुढे बंद करता येत नाही. त्या चुलत भावांच्या वईत बुलबुलांची आणि मुंगसांची वहिवाट साठ वर्षांची असेल. पण हा अधिकार मिळण्यासाठी आपली स्वतःची जमीन असावी लागते, आणि मुंगसाजवळ दस्तऐवज नाही. कायदा त्याला पूर्णपणे विसरलेला मात्र नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पाखरांची अंडी वा घरटी विस्कटणे हेही धरलेले आहे. बंदूक कधी हाती न धरलेला मनुष्य कात्री घेऊन शिकारी ठरू शकतो, हे त्या मार्चमध्ये मला उमगायला हवे होते. १९७६ साली संविधानात जी मूलभूत कर्तव्ये घातली गेली त्यांत प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगण्याचे कर्तव्य आहे. ते न पाळल्याबद्दल कोणी माझ्यावर थेट दावा लावू शकणार नाही. आणि ज्याची वसुली होत नाही ते कर्तव्यच नव्हे, अशी समजूत आम्हा वकिलांत फार सहज रुजते.

आपल्या परंपरेची समजूत वेगळी आहे. गृहस्थाने रोज करावयाच्या पाच महायज्ञांत भूतयज्ञ हा एक सांगितला आहे. देव, पितर, ऋषी आणि अतिथी यांच्याच पंक्तीत मुंगी, कावळा आणि कुत्रा यांचा वाटा काढला जातो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्याला दान म्हटलेले नाही, यज्ञ म्हटले आहे. दान माझ्या इच्छेवर असते. यज्ञ हे ऋण फेडणे असते. आज आपल्या घरांत वैश्वदेव क्वचितच होतो आणि बलिहरणाची जागा राहिलेली नाही. पण चार हात रुंदीची वई राखता आली तर ती वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, कोणी मंत्र म्हणो वा न म्हणो, तोच यज्ञ करीत राहते. चतुर्थीला आपण गणपतीच्या मस्तकावर माटोळी बांधतो, तीत कवंडळे, कांगण्या, रानफळे आणि रानफुले आवर्जून लावतो. ती बाजारात विकत घ्यावी लागतात, कारण आपापल्या वया आपण काढून टाकल्या. सृष्टीचे वैभव देवावर बांधायचे आणि दारातून ते हाकलून द्यायचे, यातील विसंगती एकदा तरी मनाला टोचली पाहिजे.

आणि आश्रय म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नसावी. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा यांना आपली स्थाने सोडून नदीपलीकडे अंत्रूज महालात यावे लागले. अंत्रूज त्या वेळी आदिलशाही मुलखात होता. म्हणजे सीमा परक्याची होती. त्या सीमेच्या आत, कोणाच्या तरी भाटात, कोणाच्या तरी झाडांच्या सावलीत देव प्रथम विसावले, आणि त्यांच्यामागून आपले पूर्वज आले. त्या पहिल्या रात्री ज्याने आपली वई उघडली त्याच्याजवळ कोणी मालकीचा दाखला मागितला नसेल. आपण त्याचे नाव जाणत नाही. त्याचे ऋण मात्र आपल्या प्रत्येक जत्रेवर आहे, आणि ज्याचे फेडायचे तो समोर नसेल तर ऋण पुढच्या आश्रितापाशी फेडावे, अशी आपली रीत आहे.

माझ्या मागच्या हद्दीवर मृगाच्या पावसात आम्ही दोन ओळी लावल्या; रोपारोपांत दीड हाताचे अंतर, ज्या दीड हातासाठी तो दावा नऊ वर्षे चालला होता तेवढेच. अडुळसा, निरगुडी आणि जास्वंद फांद्यांवरून लागली, करवंद ताज्या बियांवरून. एकच जात लावली असती तर एक महिना मेजवानी आणि अकरा महिने उपास झाला असता, म्हणून सात-आठ जातींची मिसळ केली. मधोमध तळाशी वीतभर रुंद फट मोकळी सोडली आहे. मुंगूस तेथूनच येते-जाते. कात्री पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास एकदाच चालते, आणि तीही आत डोकावून पाहिल्यावर. शेजारच्या मास्तरांची संमती आधी लेखी घेतली होती. तेवढी वकिली माझ्यात उरली आहे. अलीकडे ते सकाळी आपल्या बाजूने पिटकुळीची फुले देवासाठी नेतात.

वईला अजून दोनच वर्षे झाली आहेत आणि करवंदीला फळ यावयाचे आहे. मोजणीचे दगड तिच्या आत आपल्या जागी आहेत. माझी एक वीतही जमीन कमी झालेली नाही. माझी मालकी त्या दगडांपाशी संपते हे मला पूर्वीही ठाऊक होते. माझे कर्तव्य तेथे संपत नाही, हे शिकायला मात्र एक फुटलेले अंडे पाहावे लागले, आणि त्या तडजोडनाम्याखालील माझी सही आता पुसता येणार नाही.